जुन्या गाडीचं कार्पेट पुन्हा पुन्हा ओलं होतंय? नवं कापण्याआधी एवढं तपासा

जुन्या गाडीत नवं कार्पेट घातलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात पायाखाली ओल आली, ही तक्रार मी वेगवेगळ्या गाड्यांत इतक्यांदा निस्तरली आहे की "कार्पेट बदलायला कोणती हत्यारं लागतील?" असं कोणी विचारलं, की मी आधी विचारतो, जुनं कशामुळे गेलं? कार्पेट झिजायला वर्षानुवर्षं लागतात. ते कुजलं असेल तर पाण्याने कुजवलंय. ती वाट सापडल्याशिवाय नवं घातलं तर तेही त्याच वाटेने जाणार. म्हणून माझ्या हत्यारांच्या यादीत कात्री आणि गोंद शेवटी येतात. सुरुवात टॉर्च, पाण्याचा पाइप आणि जुन्या वर्तमानपत्रांपासून होते.

लक्षणं

खालीलपैकी काय दिसतंय ते आधी नीट पाहा. निम्मं निदान इथेच होतं.

- फक्त पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर ओल येते. पाणी बाहेरून आत शिरतंय.
- गाडी छताखाली उभी असते, पाऊसही नाही, तरी चालवून आल्यावर पुढचं कार्पेट दमट लागतं. हीटरवर संशय घ्या. पुढच्या काचेवर आतून तेलकट, धूसर थर चढत असेल तर संशय पक्का होत जातो.
- ओल फक्त पेडलांच्या खाली आहे आणि तिथल्या पत्र्याचा रंग फुगलाय किंवा सुटलाय. हे ब्रेकचं किंवा क्लचचं तेल असू शकतं.
- ब्रेक मारताना किंवा वळताना कुठेतरी पाणी खळखळल्याचा आवाज येतो. दार, दाराखालची पोकळ पट्टी किंवा वायपरखालचं पन्हाळं भरलंय.
- सकाळी सगळ्या काचा आतून दवाने भरलेल्या असतात आणि कुबट वास जात नाही. वरचं कार्पेट कोरडं वाटलं तरी खालचा नमदा भिजलेला आहे.
- कार्पेट कोरडं आहे, पण उन्हात कडा सुटतात. इथे पाण्याचा दोष नाही. गोंद चुकीचा आहे, आणि तुम्ही थेट शेवटच्या भागाकडे जाऊ शकता.

पहिली तपासणी: बोट आणि पांढरा कागद

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. तरी बहुतेक जण हीच पायरी गाळतात. ओल्या जागेवर पांढरा टिश्यू पेपर दाबा आणि पाहा. रंगहीन, वास नसलेलं किंवा नुसतं कुबट असेल तर साधं पाणी. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा गुलाबी असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण. बुळबुळीत असेल आणि पत्र्याचा रंग खात असेल तर ब्रेकचं तेल. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचं ग्लायकॉलचं तेल रंग उखडतं. सिलिकॉनचं डॉट ५ रंगाला काही करत नाही, त्यामुळे ते भरलेल्या गाडीत रंग शाबूत आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याचं, मागचं सील गेलं की तेल पेडलच्या दांड्यावरून ओघळत थेट कार्पेटवर येतं. बाहेर, गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. कार्पेट मुकाट्याने ते पीत राहतं आणि ब्रेकच्या तेलाच्या टाकीतली पातळी उतरत जाते. ब्रेकचं तेल आढळलं तर इथेच थांबा. गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा. कार्पेटचा विचार नंतर.

कूलंट निघालं तर लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या जागेपासून लांब ठेवा. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं.

दुसरी: ओल कुठून सुरू होते ते कागदाला सांगू द्या

पाणी साठतं तिथेच शिरलेलं असतं असं मुळीच नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागून, वायरिंगच्या जुडग्यावरून उतरत पार सीटखाली जाऊन बसतं. म्हणून ओल्या जागेकडे बघून सील बदलायला लागू नका.

कार्पेट जमेल तेवढं उचला. नमदा हाताने पिळून बघा. मग जागा पुसून घ्या आणि वर्तमानपत्राचे तुकडे अंथरा: पेडलांमागे उभ्या पत्र्यावर, दोन्ही बाजूंना दाराजवळ, मधल्या उंचवट्यावर, मागच्या सीटखाली. प्रत्येक तुकड्यावर जागेचं नाव लिहा. पावसानंतर कोणता कागद भिजलाय आणि भिजलेल्याचा वरचा काठ कुठे आहे, ते बघा. वरचा काठ महत्त्वाचा, कारण पाणी त्याच्याही वरून आलंय.

तिसरी: पाणी बाहेर जाण्याची भोकं

जुनी गाडी पाण्याला पूर्ण अडवत नाही. तशी ती बनवलेलीच नसते. पाणी आत घ्यायचं आणि ठरलेल्या भोकांतून खाली सोडून द्यायचं, अशी तिची रचना असते. खिडकीच्या काचेवरून दाराच्या पोटात पाणी जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जातं. वायपरखालच्या पन्हाळ्यात पडतं आणि नळीतून खाली उतरतं. छताला सरकती खिडकी असेल तर तिच्याही कोपऱ्यांत नळ्या असतात. पाला, धूळ आणि गंजाची पापडी यांनी ही वाट तुंबली की पाणी मागे हटतं आणि आत येतं. एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीत हीटरमागच्या पन्हाळ्याची नळी तुंबून दोन्ही बाजूंचे पाय ओले होणं, हे याचं ठळक उदाहरण.

हत्यार लागतं ते एवढंच: गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी. ती लवचीक असते, वाकड्या नळीतून जाते आणि नळीला भोक पाडत नाही. तार वापरू नका. कॉम्प्रेसरची हवा छताच्या नळ्यांत जोरात मारली तर आतला जोड निसटतो, आणि मग पाणी थेट छताच्या कापडात. दाराच्या तळाची भोकं जाड टाचणीने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने मोकळी करा. नंतर मगभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय का ते डोळ्यांनी बघा.

मी हातात घेतलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच इथेच बऱ्या होतात. म्हणूनच ही तपासणी सील विकत घेण्याआधी.

चौथी: पाइपने पाणी मारून बघणं

याला दोन माणसं लागतात. एक बाहेर पाइप धरून, दुसरा आत टॉर्च घेऊन. पाण्याला जोर नको, नोझल काढून टाका. सुरुवात खालून करायची: आधी दाराखालची पट्टी, मग दाराचा खालचा भाग, मग वायपरखालचं पन्हाळं, मग काचेची खालची कड, बाजू, आणि सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी खाली येताना सगळेच जोड भिजवतं आणि दोषी कोण ते कळतच नाही.

आत बसलेल्याने संशयाच्या जागी खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवावी. पाण्याची बारीक रेघही तिच्यात स्पष्ट उमटते. गाडीचा ब्लोअर दमदार असेल तर आणखी एक युक्ती आहे. काचा बंद करून ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण वेगाने लावा आणि बाहेरून सीलवर साबणाचं पाणी लावा. जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतील.

पाचवी: दारं आणि काचा

दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखी अडखळत यायला हवी. एखाद्या जागी सहज सरकली तर तिथलं रबर चेपलंय किंवा दारच नीट बसत नाही. दार बसत नसेल तर आधी बिजागरं आणि कुलपाची कडी जुळवा. वाकड्या दाराला नवं रबर लावून उपयोग होत नाही.

खरा घोटाळा अनेकदा दाराच्या आतल्या बाजूच्या पॅनेलमागे असतो. तिथे प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा असतो आणि दाराच्या पोटातलं पाणी आत येऊ न देणं एवढंच त्याचं काम. कधीतरी स्पीकर बसवताना कोणीतरी तो फाडलेला असतो. जाड पॉलिथिन कापून ब्युटिल टेपने चिकटवा. खालची कड मात्र दाराच्या खाचेतून आत सोडायची, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी पुन्हा दाराच्या पोटातच पडेल. ही कड बाहेर राहिली तर पडदा नसल्यातच जमा. पॅनेल काढायला प्लास्टिकची पाती वापरा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला की पुठ्ठ्यात बसवलेल्या क्लिपा पुठ्ठ्यासकट उपटतात.

पुढच्या काचेचं रबर गळत असेल तर त्याची ओठासारखी कड प्लास्टिकच्या पातीने हलकेच उचला आणि पातळ नळीने कधीही कडक न होणारं सीलंट आत भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा. ते सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. रबराच्या कडेला रंगाखाली फोड आलेले दिसले तर आतली चौकट गंजली आहे, सीलंटने ते थांबणार नाही. काच काढावी लागणार असेल तर काचेच्या कारागिराला बोलवा. जुनी लॅमिनेटेड काच जरा पिळवटली तरी तडकते, आणि जुन्या गाडीची काच पुन्हा मिळेलच असं नसतं.

सहावी: फायरवॉल आणि हीटर

इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला बरीच भोकं असतात: स्पीडोमीटरची केबल, बॉनेटची केबल, वायरिंग. प्रत्येकात ग्रोमेट, म्हणजे भोक बंद करणारी रबरी कडी. एकाने रात्री इंजिनच्या बाजूने टॉर्च लावायचा, दुसऱ्याने डॅशबोर्डखाली डोकं घालून बघायचं. उजेड आला तिथून पाणीही येणार. ग्रोमेट ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे, त्यामुळे कडक झालेले सगळेच बदलून टाका.

कूलंटचा संशय असेल तर हीटर काढण्याआधी त्याला बाजूला करून बघा. इंजिन पूर्ण थंड असताना, इंजिनच्या बाजूने हीटरला जाणारे दोन्ही होज काढून एका नळीच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, क्लिपा आवळा, कूलंटची पातळी भरा. काही दिवस चालवूनही कार्पेट कोरडं राहिलं तर हीटर कोअर, म्हणजे हीटरमधला छोटा रेडिएटर, गेलाय. जुन्या फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाडीत ही पायरीच नाही.

काही गाड्यांत हीटर कोअर चार स्क्रूंत हाती येतो आणि काहींत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दुसऱ्या प्रकारची गाडी असेल आणि वायरिंगचा इन्सुलेशन हात लावताच तडकत असेल, तर हे काम जाणकाराकडे द्या. तोवर बाजूला केलेल्या होजवर गाडी बिनधास्त चालते.

सातवी: सीट काढून जमीन उघडी करणं

इथून काम जड होतं. आधी बॅटरीचं कनेक्शन काढा. बीटलची बॅटरी मागच्या सीटखालीच असते. तिच्यावरचं झाकण नसेल तर सीटच्या स्प्रिंगा टोकांना टेकून ठिणगी पडू शकते आणि सीट पेट घेऊ शकते. कार्पेटच्या निमित्ताने हे झाकण आहे ना ते पाहाच.

लागणारी हत्यारं:

- सहा कोनांच्या सॉकेटचा संच आणि लांब दांडा. बारा कोनांचं सॉकेट गंजलेल्या बोल्टचे कोने खातं.
- गाडीच्या मापाचेच पाने. जर्मन आणि जपानी गाड्यांना मिलिमीटर, जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांना इंच, त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ. "जवळपास बसतंय" म्हणून दुसऱ्या मापाचा पाना लावू नका.
- सीटबेल्टच्या बोल्टसाठी वेगळी तयारी. बहुतेक गाड्यांत, अगदी मिलिमीटरच्या गाड्यांतही, हे बोल्ट ७/१६ इंची असतात आणि इंचाला २० आटे. हरवला तर जवळचा दिसणारा मिलिमीटरचा बोल्ट तिथे ठोकू नका. अपघातात तुमचं वजन त्याच बोल्टवर येतं.
- गंज सोडवणारं पातळ तेल. आदल्या दिवशी गाडीखालून, आट्यांच्या उघड्या टोकाला लावायचं. वरून लावलेलं बोल्टच्या डोक्याशीच अडतं.
- लाकडी मुठीचा टोच्या, तारेचा ब्रश, चष्मा, हातमोजे.

बोल्ट फिरतोय पण वर येत नाही, असं झालं की हात थांबवा. पत्र्याच्या पोटात बसवलेला नट सुटलाय, आणि जितकं फिरवाल तितकं भोक मोठं होईल. ते वेल्डरचं काम.

जुनं कार्पेट आणि नमदा शक्यतो अखंड काढा, फोटो काढा, खडूने पुढची बाजू लिहून ठेवा. नवं बसेपर्यंत जुनं टाकू नका. कुजलेलं असलं तरी भोकांची मापं त्याच्यावरच आहेत. फार जुन्या गाडीत फायरवॉलच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. राखाडी, तंतुमय, भुसभुशीत अस्तर दिसलं तर ते ओरबाडू नका, घासू नका, त्याची तपासणी करून घ्या.

पत्र्यावरचे डांबरी पट्टे सुटले असतील तर तेही काढावे लागतात, कारण त्यांच्याखालीच पाणी लपतं. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो. तो पट्ट्यावर थोडा वेळ ठेवला की डांबर कडक होतं आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने तुकडे पडतात. जाड हातमोजे घाला आणि सगळी दारं उघडी ठेवा, कारण तो बर्फ म्हणजे कार्बन डायऑक्साइड आहे आणि बंद गाडीत त्याने गुदमरायला होतं.

आठवी: टोच्याने पत्रा तपासणं

आता टोच्या घेऊन सगळी जमीन दाबत जा, विशेषतः सांध्यांवर आणि कडांना. चांगला पत्रा टणक लागतो, कुजलेला दबतो किंवा टोच्या आरपार जातो. चुंबकही फिरवा. तो जिथे पकडत नाही तिथे कोणीतरी पुट्टी भरलेली आहे. बीटलमध्ये बॅटरीखालचा पत्रा आणि कडेच्या, हीटरची हवा वाहणाऱ्या पोकळ पट्ट्या आधी बघा.

नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासा, फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं गंजरोधक लावा, प्रायमर आणि रंग द्या, सांध्यांवर सीलंटची रेघ ओढा. जमिनीच्या भोकांना कारखान्याने रबरी बुचं दिली असतील तर नवी बुचंच बसवा. सीलंटने कायमची बुजवू नका.

टोच्या दाराखालच्या पोकळ पट्टीत, सीट किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळ किंवा जॅक लावायच्या जागी घुसला, तर काम थांबवा. तिथला पत्रा गाडीचा भार उचलतो. फायबरचं ठिगळ किंवा रिव्हेट मारलेला पत्रा तिथे चालत नाही. चांगला वेल्डर बघा, आणि त्याला इंधनाची नळी कुठून जाते ते आधी दाखवा.

सगळं झाल्यावर जमीन सुकली का ते बघण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. आणि नवं कार्पेट घालण्याआधी चौथ्या तपासणीतला पाइप पुन्हा एकदा मारा. उघड्या पत्र्यावर एक थेंबही लपत नाही.

आता कार्पेट

अमेरिकी गाड्यांचं कार्पेट बहुधा साच्यात घडवलेलं असतं, ब्रिटिश गाड्यांचं तुकडे कापून शिवलेलं. साच्यातलं असेल तर घडी उलगडून काही तास उन्हात पसरा, नाहीतर सुरकुत्या जात नाहीत. बसवायला मधल्या उंचवट्यापासून सुरुवात करा आणि बाहेरच्या बाजूला जा. कापताना मागच्या बाजूने, नव्या पात्याने, आणि हवं त्यापेक्षा कमी.

बोल्टच्या भोकांसाठी टोच्याने जागा शोधा. नायलॉनच्या कार्पेटला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडलं की कडा वितळून बंद होतात, धागे सुटत नाहीत. लोकरीच्या कार्पेटला फुलीचा छेद द्या. कार्पेटमधून थेट ड्रिल कधीच चालवू नका. धागा ड्रिलला गुंडाळला जातो आणि क्षणात लांबच लांब रेघ उसवते. नवा स्क्रू मारायचा असेल तर आधी गाडीखाली वाकून ब्रेकची आणि इंधनाची नळी कुठे आहे ते बघा.

गोंद उष्णता सोसणारा, दोन्ही बाजूंना लावायचा प्रकार घ्या. साध्या स्प्रेचा गोंद उन्हात मऊ पडतो, कडा सुटतात त्या त्यामुळेच. दोन्ही पृष्ठभागांना लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा. वाफ पेटती असते, म्हणून दारं उघडी आणि हीटगन बंद. गोंद फक्त उभ्या भागांना लावा. सपाट जमिनीवर कार्पेट आणि नमदा सुटेच राहू द्या, म्हणजे पुढच्या पावसानंतर कोपरा उचलून हात घालता येईल.

सीटबेल्टचे आणि सीटचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळा. नवं कार्पेट आणि नमदा जुन्यापेक्षा जाड असू शकतो, म्हणून इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाय काढला की तो आपणहून झटकन वर यायला हवा. कुठेही अडखळला, तर पेडलाखालचा नमदा कापून काढा आणि पुन्हा बघा. तो मोकळा झाल्याशिवाय गाडी सुरू करू नका.